खिडकीची बाजू

जेवणाच्या टेबलावरचं प्लॅस्टिक पुसलं आणि नकाशा उघडला.
फाहाहीलला सकाळपासून धूळ;
समोरच्या इमारतीचे नुसते एसी दिसतायत, इमारत नाही.
शुक्रवार. अश्फाक घरी. उमैमा गृहपाठावर रुसलेली.
आणि मी व्हिएन्नाहून बुडापेस्टला जाणारी गाडी शोधतेय
अशा देशात बसून, जिथं रूळच नाहीत.

पहाटेची स्वस्त आहे.
नऊनंतरची महाग, पण नाश्ता करून निघता येईल.
अश्फाक म्हणतो, रात्रीची बघ, हॉटेलचे पैसे वाचतील.
अडीच तासांचा प्रवास आहे रे,
रात्रीची घेतली तर झोपायचं कधी, उतरायचं कधी?
आणि मला ती जागा उजेडात बघायचीय.

कुठली जागा?

मधे एक स्टेशन लागतं, हेग्येशहालोम.
मी चार वेळा म्हणून पाहिलं, चारही वेळा वेगळं झालं.
उमैमा हसत टेबलाखाली गेली.
तिथं देश बदलतो.
गाडी थांबलीच तर जरा थांबते,
सरहद्द म्हणे कळतसुद्धा नाही,
मोबाइलवर मेसेज येतो तेवढाच.

उमैमा टेबलाखालून बाहेर.
"म्हणजे नुवैसीबसारखं नाही?"
तिची सरहद्द एकच:
उमऱ्याला जाताना नुवैसीबला काढलेले साडेचार तास,
काच खाली, इंजिन बंद,
मागच्या सीटवर कोण, चेहरा दाखवा,
तिला शू लागलेली आणि बाबाला रांग सोडवत नव्हती.
मक्का कशी होती विचारलं, की ती आधी ती रांग सांगते.

कागदांचा ढीग वेगळाच.
पगाराचा दाखला, तीन महिन्यांचं स्टेटमेंट,
पांढऱ्या भिंतीपुढचे फोटो, ज्यात आम्ही तिघंही आजारी दिसतो,
आणि कंपनीचं पत्र, की हा माणूस परत येईल.
बावीस वर्षं हा माणूस परत येतोच आहे,
दर सुट्टीनंतर, ठरल्या तारखेला,
लोणच्याच्या बरण्या टॉवेलात गुंडाळून.
तरी ते लिहून द्यावं लागतं. वर शिक्का.
दोन रात्री व्हिएन्ना, चार बुडापेस्ट,
म्हणून व्हिसा बुडापेस्टवाल्यांकडे मागायचा;
जिथं जास्त झोपणार, त्यांच्याच दारात उभं राहायचं.

फॉर्म भरता भरता मला वेसवीची खाडी आठवली.
मी सहा-सात वर्षांची, नानांच्या होडीत.
मधोमध आलं की नाना वल्हं उचलून धरायचे
आणि म्हणायचे, हां, रत्नागिरी संपली.
मी वाकून पाण्यात बघायची. पाणी तेच, गढूळ.
पलीकडे बागमांडल्याला एक बाई होती,
नानांना उधारीवर विड्या द्यायची.
जिल्हा वेगळा म्हणून तिनं उधारी कधी अडवली नाही.

हे अश्फाकला सांगितलं नाही.
म्हटलं, डावीकडच्या खिडक्या घेऊ,
क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
त्या बाजूला डॅन्यूब दिसते, थोडाच वेळ.
"आणि सरहद्द कुठल्या बाजूला दिसते?"
दोन्ही, मी म्हटलं. मग म्हटलं, माहीत नाही ग.

एकसष्ट, त्रेसष्ट, पासष्ट.
दहा मिनिटं जागा धरून ठेवतात,
कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असतं.
व्हिसा आलेला नाही, पैसे भरणारच नाहीये,
तरी मी तिघांची नावं घातली,
पासपोर्टवर आहेत तश्शी, एकही अक्षर न गाळता.

अश्फाक मागे येऊन उभा राहिला.
बराच वेळ वाचत होता, का नुसता बघत होता.
"उतरवत नाहीत, नक्की?"
नाही उतरवत. कधीमधी डब्यात येऊन बघतात म्हणे, चालत्या गाडीत.
"मग मी पासपोर्ट वरच्या खिशातच ठेवतो."
आणि छातीवर हात फिरवून खिसा चाचपला त्यानं.
अंगात घरातलं बनियन होतं,
त्याला खिसा नव्हता.